डॉसची अप्पर मेमरी : रिकामी दिसणारी जागा खरंच रिकामी असते का?



मागच्या पाठात आपण कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन फायली पाहिल्या. आज त्यांच्याच आधाराने एक अवघड वाटणारा, पण एकदा कळला की कायमचा डोक्यात बसणारा विषय घेऊ या. पाठात कमांड आणि पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. मशीनवर टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

मध्यंतरी एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. तो एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करतो. तिथलं एक जुनं कटिंग मशीन अजूनही ४८६ प्रोसेसरच्या पीसीवर आणि एमएस-डॉस ६.२२ वर चालतं. गेल्या कित्येक वर्षांत बनवलेल्या पार्टची सगळी मापं त्या एकाच हार्डडिस्कवर आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत. त्यांची कॉपी काढता यावी म्हणून त्याने पीसीत एक जुनं नेटवर्क कार्ड बसवलं. कार्ड चालू झालं, पण मशीनचा मुख्य प्रोग्रॅम उघडेना. पडद्यावर एकच ओळ : प्रोग्रॅम टू बिग टू फिट इन मेमरी.

"सर, पीसीत ८ एमबी रॅम आहे आणि प्रोग्रॅमला ५६० केबी लागतात. मग मेमरी पुरत नाही म्हणजे काय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तरासाठी थोडं मागे, १९८१ मध्ये जावं लागेल.

आधी नकाशा समजून घ्या

पहिल्या आयबीएम पीसीत ८०८८ हा प्रोसेसर होता. त्याला पत्ता सांगायला २० तारा, म्हणजे तो जास्तीत जास्त १ एमबी, अर्थात १०२४ केबी एवढेच पत्ते ओळखू शकत होता. यातले खालचे ६४० केबी प्रोग्रॅमसाठी ठेवले आणि वरचे ३८४ केबी पडदा, कार्डं आणि बायोस यांच्यासाठी राखले. खालच्या भागाला कन्व्हेन्शनल मेमरी म्हणतात, वरच्याला अप्पर मेमरी. पुढे प्रोसेसर मोठे झाले, रॅम वाढली. पण डॉसचे साधे प्रोग्रॅम त्या ६४० केबीच्या खोलीतच राहिले. ८ एमबी असो की ६४ एमबी, असा प्रोग्रॅम १ एमबीच्या वर स्वतःहून पाऊल टाकत नाही.

वरच्या ३८४ केबीचे पत्ते षोडशमान पद्धतीत लिहितात. ए००० म्हणजे ६४० केबीची सीमा. तिथून पुढे प्रत्येक हजाराचा टप्पा (ए०००, बी०००, सी०००...) ६४ केबीचा आणि प्रत्येक शंभराचा टप्पा ४ केबीचा. एवढं लक्षात ठेवलंत तर कॅल्क्युलेटर लागत नाही. ए००० ते बीएफएफएफ पडद्याचं. सी००० ते सी७एफएफ साधारणपणे व्हीजीए कार्डाच्या बायोसचं. एफ००० ते एफएफएफएफ पीसीच्या स्वतःच्या बायोसचं. मधला सी८०० पासून ईएफएफएफ पर्यंतचा पट्टा बऱ्याच मशीनमध्ये मोकळा दिसतो. काही मशीनमध्ये मात्र ई००० पासूनचा भागही बायोसने घेतलेला असतो. म्हणून आपण आज सी८०० ते डीएफएफएफ एवढाच पट्टा हिशेबात धरू. किती झाले? ३२ अधिक ६४, म्हणजे ९६ केबी.

इथे एक बारकावा आहे. हा पट्टा म्हणजे फक्त पत्ते आहेत. घर क्रमांक आहेत, पण घरं नाहीत. तिथे रॅम नाही. १९८५ च्या ३८६ प्रोसेसरमध्ये अशी सोय आली की १ एमबीच्या वरची रॅम ४-४ केबीच्या तुकड्यांत घेऊन हव्या त्या पत्त्यावर 'दाखवता' येते. हे काम ईएमएम३८६ करतं. अशा पत्त्यांवर जी वापरण्याजोगी जागा तयार होते तिला अप्पर मेमरी ब्लॉक, थोडक्यात यूएमबी म्हणतात. माउस, नेटवर्क वगैरेंचे कायम बसून राहणारे प्रोग्रॅम तिथे चढवले की खालची खोली मोकळी होते. ही सोय एमएस-डॉसमध्ये १९९१ च्या ५.० आवृत्तीपासून आहे.

चार ओळी, आणि त्यांचा क्रम

कॉन्फिग.सिसमध्ये हे असं लिहायचं :

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी

आणि मग ऑटोएक्झेक.बॅटमध्ये प्रोग्रॅमच्या नावाआधी एलएच, म्हणजे लोडहाय. कॉन्फिग.सिसमधल्या ड्रायव्हरसाठी डिव्हाइसहाय.

हायमेम आधीच हवं, कारण ईएमएम३८६ त्याच्याकडूनच रॅम मागून घेतं. तिसऱ्या ओळीतला 'यूएमबी' हा शब्द विसरणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक. तो नसेल तर एलएच कुरकुर करत नाही, चूक दाखवत नाही, गुपचूप प्रोग्रॅम खालीच ठेवतं. डॉसचा हा स्वभाव फार फसवा आहे. म्हणून एलएच लिहिलं म्हणजे प्रोग्रॅम वर गेला असं कधीही धरू नका. मेम /सी /पी ही कमांड द्या आणि प्रत्येक नावापुढे कन्व्हेन्शनल आणि अप्पर या दोन रकान्यांत काय आहे ते डोळ्यांनी बघा.

'नोईएमएस' कशासाठी? ईएमएस ही त्याहून जुनी पद्धत. तिला अप्पर मेमरीत ६४ केबीची सलग खिडकी लागते. आपल्या ९६ मधून ६४ गेले तर उरले फक्त ३२. तुमच्या प्रोग्रॅमला ईएमएस लागत नसेल तर ती खिडकी बंदच ठेवा. काही जुन्या स्प्रेडशीट आणि खेळांना मात्र ती लागते. त्यांच्यासाठी नोईएमएसच्या जागी 'रॅम' लिहावं लागतं.

आता त्या वर्कशॉपचा हिशेब

मी त्याला आधी मेम /सी चे आकडे वाचून दाखवायला सांगितले. गोळाबेरीज अशी : डॉस, हायमेम आणि कमांड.कॉम मिळून खाली २४ केबी. मशीनच्या कंट्रोल कार्डाचा ड्रायव्हर २० केबी, माउस १७, डॉसकी ४. म्हणजे नेटवर्कच्या आधी ५७५ केबी मोकळे होते आणि ५६० मागणारा प्रोग्रॅम आरामात चालत होता. नेटवर्कच्या प्रोग्रॅमने ४५ केबी घेतले. उरले ५३०. तीस केबी कमी पडले, एवढंच.

मला फोन करण्याआधी त्याने स्वतःच मेममेकर चालवून पाहिलं होतं. हे डॉस ६ सोबत आलेलं साधन सगळी मांडणी आपोआप करतं. साध्या मशीनवर ते चांगलं काम करतं, पण ते अप्पर मेमरी तपासताना बेधडक असतं. ईएमएम३८६ च्या ओळीत 'हायस्कॅन' असा स्विच जोडून ज्या भागाला हात लावू नये तोही घेऊन बसतं. इथे तेच झालं. पीसी सुरू होताना नेटवर्कच्या ओळीवर येऊन गोठायला लागला.

बाकी काही करण्याआधी मी त्याला म्हटलं, "मेममेकर /अनडू दे. आणि डिस्कची कॉपी हातात येईपर्यंत एकही नवीन प्रयोग नको." डॉस ६ मध्ये पीसी सुरू होताना एफ५ दाबलं की दोन्ही फायली वगळून साधं डॉस सुरू होतं, आणि एफ८ दाबलं की एकेक ओळ विचारून चालवली जाते. डॉस ५ मध्ये ही सोय नाही. तिथे फॉरमॅट ए: /एस करून बूट फ्लॉपी आधीच बनवून ठेवायची. त्याने मुख्य प्रोग्रॅम बाजूला ठेवून फक्त नेटवर्क चालू केलं, सगळ्या फायली दुसऱ्या पीसीवर उतरवल्या, आणि त्यातल्या दोन-चार उघडून पाहिल्या. उघडून पाहणं महत्त्वाचं. फक्त नावं दिसली म्हणून कॉपी झाली असं होत नाही.

एवढी घाई का, ते सांगतो. ईएमएम३८६ चालू असताना प्रोग्रॅमला दिसणारा पत्ता आणि रॅममधला खरा पत्ता वेगळे असू शकतात. काही डिस्क कंट्रोलर, विशेषतः काही जुनी स्कझी कार्डं, प्रोसेसरला न विचारता थेट रॅममध्ये लिहितात. त्यांना हा बदललेला पत्ता माहीतच नसतो. अशा वेळी डिस्कवरचं भलत्याच जागी जातं किंवा भलतंच डिस्कवर येतं, आणि फायली बिघडतात. यावर उपाय कॉन्फिग.सिसमधला स्मार्टड्राइव्हचा /डबल_बफर. तो लागतो का हे बघायला स्मार्टड्राइव्ह चालू असताना नुसतं स्मार्टड्राइव्ह टाइप करा. 'बफरिंग' या रकान्यात 'येस' आलं तर लागतो, सगळीकडे 'नो' आलं तर लागत नाही. या पीसीत साधी आयडीई डिस्क होती आणि उत्तर 'नो' आलं. पण हे उत्तर येण्याआधी अप्पर मेमरीशी खेळायचं नाही, हा माझा नियम आहे.

गोठण्याचं कारण शोधणं

आता खरा शोध. पहिली चाचणी नेहमी हीच करायची : ईएमएम३८६ च्या ओळीत एक्स=ए०००-ईएफएफएफ असं लिहायचं. एक्स म्हणजे वगळा. म्हणजे ईएमएम३८६ चालू, पण त्याने वरच्या या भागातल्या एकाही पत्त्याला हात लावायचा नाही. अशाने बिघाड गेला तर भांडण पत्त्याचं आहे. गेला नाही तर कारण वेगळं आहे. काही प्रोग्रॅमना ईएमएम३८६ प्रोसेसरला ज्या अवस्थेत नेतं तीच चालत नाही. वेळेच्या बाबतीत काटेकोर असलेले मशीन कंट्रोलचे प्रोग्रॅम यात येतात. तसं असेल तर ईएमएम३८६ चा नाद सोडावा आणि खालचं ओझं दुसऱ्या मार्गाने कमी करावं. इथे सुदैवाने तसं नव्हतं. सगळं वगळल्यावर पीसी न गोठता सुरू झाला, नेटवर्कही लागलं.

मग अर्धा-अर्धा भाग करायचा. फक्त एक्स=सी८००-सीएफएफएफ दिलं, म्हणजे डी००० पासूनचा भाग वापरायला मोकळा ठेवला, तर गोठलं. उलट एक्स=डी०००-डीएफएफएफ दिलं तर चाललं. म्हणजे चोर डी००० च्या पट्ट्यात. आणखी निम्मं करत एक्स=डी०००-डी३एफएफ वरही चाललं. त्याला हुरूप आला, त्याने एक्स=डी०००-डी१एफएफ करून पाहिलं. तेही चाललं! नेटवर्क लागलं, छोट्या फायली गेल्या. पण एक मोठी फाइल पाठवताना पीसी पुन्हा गोठला.

इथे थांबा आणि विचार करा, असं का झालं असेल?

नेटवर्क कार्डावर स्वतःची थोडी मेमरी असते. येणारी-जाणारी माहिती तिथे ठेवली जाते आणि प्रोसेसर ती अप्पर मेमरीतल्या एखाद्या पत्त्यावरून वाचतो. या कार्डाची ती मेमरी डी००० पासून १६ केबी, म्हणजे डी३एफएफ पर्यंत होती. ईएमएम३८६ ने त्याच पत्त्यांवर आपली रॅम दाखवली की कार्डाची मेमरी झाकली जाते. ड्रायव्हर समजतो मी कार्डाला माहिती देतोय. प्रत्यक्षात तो वर चढवलेल्या एखाद्या प्रोग्रॅमच्या अंगावर लिहीत असतो. निम्माच भाग वगळला तेव्हा कार्डाच्या मेमरीचा पहिला भाग दिसत होता, म्हणून थोड्या माहितीला पुरलं. माहिती जास्त झाली आणि झाकलेल्या भागात गेली तेव्हा फसलं. थोडा वेळ चाललं हा पुरावा होत नाही. चाचणीवरून अंदाज बांधा, पण शेवटचा आकडा कार्डाच्या माहितीपत्रकातून, जंपरवरून किंवा ड्रायव्हरच्या फायलीतूनच घ्या.

मग सुरुवातीलाच ईएमएम३८६ ला हे कळलं कसं नाही? ते सुरू होताना वरच्या पत्त्यांवर फिरून बघतं. कुठे रॉम असेल तर तिच्या सुरुवातीला ५५एए अशी खूण असते, ती सापडते. पण बऱ्याच नेटवर्क कार्डांची मेमरी त्यांचा ड्रायव्हर चालू होईपर्यंत झोपलेली असते. ईएमएम३८६ आधी येतं, ड्रायव्हर नंतर. ईएमएम३८६ ला प्लॉट मोकळा दिसतो आणि ते सातबारा न बघताच कुंपण घालून मोकळं होतं.

एक सापळा लक्षात ठेवा. ड्रायव्हरच्या फायलीत हा पत्ता बहुधा पाच आकडी लिहिलेला असतो, डी००००. ईएमएम३८६ ला चार आकडी लागतो, डी०००. शेवटचं एक शून्य कमी. पाच आकडी पत्ता जसाच्या तसा एक्स= पुढे टाकून अर्धा दिवस घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

जागा आहे, तरी बसत नाही

एक्स=डी०००-डी३एफएफ कायम केलं. गोठणं थांबलं. तरीही मुख्य प्रोग्रॅम उघडेना! मेम /सी मध्ये मोकळे ५४७ केबी. आता हा काय प्रकार?

कागदावर मांडा. ९६ मधले १६ गेले, उरले ८० केबी. पण ते सलग नाहीत. सी८०० ते सीएफएफएफ हा एक तुकडा ३२ केबीचा आणि डी४०० ते डीएफएफएफ दुसरा ४८ केबीचा. एका प्रोग्रॅमला साधारणपणे एकाच तुकड्यात बसावं लागतं. आणि एलएच काही सांगितलं नाही तर सगळ्यात मोठा मोकळा तुकडा निवडतं. ऑटोएक्झेकमध्ये माउसची ओळ पहिली होती. १७ केबीचा माउस जाऊन ४८ च्या तुकड्यात बसला. तिथे उरले ३१, दुसरीकडे ३२. मागून ४५ केबीचं नेटवर्क आलं, त्याला दोन्हीकडे जागा नाही, ते मुकाट्याने खाली गेलं. एसटीत दोघांच्या सीटवर एकाने पिशवी ठेवावी तसं.

ईएमएम३८६ खाली स्वतःचे ४ केबी घेतं. म्हणून ५३० चे ५२६ झाले, त्यात माउस आणि डॉसकीचे २१ मिळवा : ५४७. हिशेब जुळला ना?

उपाय एका ओळीचा. नेटवर्कची ओळ माउसच्या आधी न्यायची. ४५ गेले ४८ मध्ये, १७ गेले ३२ मध्ये, उरलेल्या १५ मध्ये डॉसकी. खाली ५२६ अधिक ६६, म्हणजे ५९२ केबी मोकळे. प्रोग्रॅम उघडला. कंट्रोल कार्डाचा २० केबीचा ड्रायव्हर मी मुद्दाम खालीच राहू दिला. गरज नसताना मशीन हलवणाऱ्या ड्रायव्हरची जागा बदलू नये.

म्हणून मोठा प्रोग्रॅम आधी, छोटा नंतर. यातही एक खोच आहे : काही प्रोग्रॅम सुरू होताना जास्त जागा मागतात आणि मग आक्रसतात. मेम /सी त्यांचा आक्रसलेला आकार दाखवतं. म्हणून कधीकधी ३० केबीचा प्रोग्रॅम ३२ च्या तुकड्यात बसत नाही. त्याला सगळ्यात आधी, मोठ्या तुकड्यात चढवून बघावं.

आणखी दोन-तीन तक्रारी, थोडक्यात

'पॅक्ड फाइल इज करप्ट' असा संदेश आला तर घाबरू नका, फाइल बहुधा ठीक असते. तुम्ही खालची मेमरी इतकी मोकळी केलीत की प्रोग्रॅम पहिल्या ६४ केबीच्या आत चढला, आणि काही जुन्या आवळलेल्या प्रोग्रॅमना ते सोसत नाही. नावाआधी लोडफिक्स लिहा, तो प्रोग्रॅम ६४ केबीच्या वर चढेल. जास्त बचत केल्याची शिक्षा म्हणा हवं तर.

हायमेम म्हणालं की ए२० लाइन ताब्यात घेता येत नाही, तर ती तक्रार अप्पर मेमरीची नाही, १ एमबीच्या लगेच वरच्या भागाची आहे. हायमेमच्या ओळीत /मशीन: पुढे वेगवेगळे क्रमांक देऊन बघतात.

आय=बी०००-बी७एफएफ लिहून ३२ केबी फुकट मिळवा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. तो भाग काळ्या-पांढऱ्या पडद्याच्या कार्डासाठी राखलेला, रंगीत पडदा असेल तर पडून असतो, हे खरं. पण काही सुपर व्हीजीए कार्डं तो वापरतात आणि मग पडद्यावर कचरा दिसतो किंवा विंडोज ३.१ सुरूच होत नाही. माझ्या मते, बाकी सगळे उपाय संपल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

सराव

घरी जुना पीसी नसेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये फ्रीडॉस टाका. तिथे ईएमएम३८६ च्या जागी जेम३८६ किंवा जेमेक्स असतं; एक्स= आणि आय= तसेच चालतात, मेम आणि एलएच आहेतच.

आता वहीत हे सोडवा. त्या नेटवर्क कार्डावर एक जंपर आहे. तो बदलला तर कार्डाची १६ केबी मेमरी डी००० ऐवजी सी८०० पासून सुरू होते. एक्स= पुढे आता काय लिहाल? सी८०० ते डीएफएफएफ या पट्ट्यात मोकळे तुकडे किती उरतील आणि केवढे? आणि माउस, डॉसकी, नेटवर्क हे तिघं त्यात कोणत्याही क्रमाने बसतील का? उत्तर काढलंत की मग ड्रायव्हरच्या फायलीत कोणता आकडा बदलावा लागेल, तोही लिहा. पाच आकडी.